कूपर्सटाउन (न्यूयॉर्क): एका दिवसात पायी काय काय बघावं?

सांगलीकर_एडिसन

ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात कूपर्सटाउनला जायचं चाललंय. न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने, एक रात्र मुक्काम, म्हणजे हातात पूर्ण एक दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ. बरोबर सांगलीहून आलेले आई-बाबा (वय ६८ आणि ७२) आणि बारा वर्षांचा मुलगा. मुलगा लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) खेळतो, त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममधून, म्हणजे दिग्गज खेळाडूंच्या संग्रहालयातून, बाहेर काढणं अवघड. बाबा क्रिकेटचे पक्के, बेसबॉलचा गंध नाही. आईला खेळात रस नाही, पण जुनी गावं, देवळं, घाट, नदीकाठ असं सगळं मनापासून आवडतं. तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर चालते, पायऱ्या नको म्हणते.

१. संग्रहालय सोडून गाव म्हणून बघण्यासारखं काय आहे? चालण्याचा क्रम कसा ठेवावा?
२. बाबांना संग्रहालयात न्यावं की बाहेरच ठेवावं?
३. गाडी कुठे लावायची?
४. बेसबॉल याच गावात जन्मला असं मुलाने शाळेत ऐकलंय. खरं आहे का?

---

पायवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेक लोक हॉल ऑफ फेम बघून, टोपी घेऊन परत फिरतात आणि गाव राहूनच जातं.

गाव आहे जेमतेम १,८०० वस्तीचं. विल्यम कूपर नावाच्या जमीनदाराने १७८६ मध्ये वसवलं. कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर हा त्याचा मुलगा. उत्तरेला ऑट्सीगो तळं आहे, बारा-चौदा किलोमीटर लांब आणि अरुंद. त्याच्या दक्षिण टोकाला हे गाव. कूपरने कादंबरीत या तळ्याला ‘ग्लिमरग्लास’ म्हटलं आणि ते नाव आजही इथल्या पाट्यापाट्यांवर दिसतं. रस्ते समजायला सोपे: तळ्याला समांतर लेक स्ट्रीट, तिच्या दक्षिणेला मेन स्ट्रीट. या दोन्हींना छेदणारे पूर्वेकडून पश्चिमेकडे रिव्हर, फेअर, पायोनिअर आणि चेस्टनट.

सुरुवात पायोनिअर स्ट्रीटच्या तळ्याकडच्या टोकाला, लेकफ्रंट पार्कमध्ये करा. मेन स्ट्रीटपासून तळ्यापर्यंत उतार आहे. तो चालत उतरण्यापेक्षा आईंना गाडीने थेट खाली सोडा आणि गाडी नंतर लावून या. बाकं आहेत, पाणी अगदी पायाशी. सकाळी नऊच्या आत गेलात तर ऑक्टोबरमध्ये तळ्यावर धुकं असतं आणि समोरच्या डोंगरांवर लाल-पिवळी पानं हळूहळू उघडी पडत जातात. इथे घाई करू नका, अर्धा तास द्या.

तिथून लेक स्ट्रीटने पूर्वेकडे चालत गेलं की रस्ता संपतो तिथे कौन्सिल रॉक. तळ्याच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेला एक मोठा दगड, एवढंच. पण त्या दगडाशेजारून जे पाणी बाहेर पडतं ती सस्क्वेहाना नदी. इथून निघून सुमारे ७१५ किलोमीटर वाहत ती चेसापीकच्या उपसागराला मिळते. कृष्णाकाठच्या माणसाला नदीचा उगम दाखवायचा तर याहून सोपी जागा नाही, डोंगर चढायला नको. खाली पाण्यापर्यंत मात्र पायऱ्या आहेत, त्या असमान आहेत आणि ओल्या पानांनी निसरड्या होतात. आईंनी वरूनच बघावं, दगड वरूनही नीट दिसतो.

याच जागेला अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाचाही इतिहास आहे. १७७९ च्या उन्हाळ्यात जनरल जेम्स क्लिंटनने इथे बांध घालून तळ्याची पातळी काही फूट चढवली. नदी इतकी उथळ की सैन्याच्या होड्या चालेनात. ऑगस्टमध्ये बांध फोडला, लोंढा सुटला आणि त्यावर दोनशेहून जास्त होड्या खाली गेल्या. ती मोहीम इथल्या मूळ रहिवासी इरोक्वॉय लोकांची गावं आणि उभी पिकं जाळण्यासाठी होती. तिथली पाटी वाचताना मुलाला हेही सांगा, नाहीतर फक्त बांधाची हुशारी लक्षात राहते.

पुढे रिव्हर स्ट्रीटने दक्षिणेकडे. मेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पोमरॉय प्लेस हे दगडी घर आहे, १८०४ चं. विल्यम कूपरने मुलीच्या लग्नात दिलेलं. भिंतीचे दगड माशाच्या काट्यासारखे तिरपे रचले आहेत, ते जवळ जाऊन बघा. घर आतून बघायचं नाही, रस्त्यावरूनच. तिथेच पूर्वेला मेन स्ट्रीटचा पूल आहे. पुलावरून खाली पाहिलं की ती ‘मोठी नदी’ ओढ्याएवढी दिसते.

रिव्हर स्ट्रीटवर आणखी थोडं पुढे ख्राइस्ट चर्च. आवारात कूपर घराण्याची दफनभूमी आहे, १८५१ मध्ये वारलेल्या कादंबरीकाराची कबरही त्यातच. मोठी झाडं, सावली, शांतता. आईंना ही जागा आवडेल. मग त्याच वाटेने मेन स्ट्रीटला परत यायचं. इथवर साधारण दीड किलोमीटर होतं, तळ्यापासून वर येतानाचा चढ सोडला तर सगळं जवळपास सपाट.

मेन स्ट्रीटवर पश्चिमेकडे वळलात की कूपर पार्क आणि त्याला लागून हॉल ऑफ फेम. आईंचं चालणं इथे थांबवलंत तरी चालेल. उरलेलं म्हणजे पायोनिअरच्या चौकात मधोमध उभा ध्वजस्तंभ आणि पुढे डबलडे फील्ड हे बेसबॉलचं मैदान. ते जेवणानंतर.

---

षटकार

दुसरा प्रश्न माझा. बाबांना आत न्याच. फक्त मुलाबरोबर नाही, वेगळ्या क्रमाने न्या.

संग्रहालय तीन मजली आहे आणि अमेरिकी हिशेबात तळमजला म्हणजे फर्स्ट फ्लोअर. नेहमीचा क्रम दुसऱ्या मजल्यावरून सुरू होतो: छोटी फिल्म, मग काळानुसार इतिहासाची दालनं, वर तिसरा मजला, आणि शेवटी खाली येऊन हॉलमध्ये निवड झालेल्यांच्या ब्राँझच्या पाट्यांचं दालन. बेसबॉलप्रेमीला हे बरोबर आहे. बाबांसारख्या माणसाला मात्र पहिल्याच दालनात ओळखीचं काही सापडत नाही आणि तासाभरात कंटाळा येतो. लिफ्ट आहे, तेव्हा वर-खाली करायची भीती नाही.

बाबांना आत जायच्या आधी कूपर पार्कमध्ये न्या. तिथे हिरवळीवर दोन पुतळे समोरासमोर आहेत: चेंडू टाकणारा जॉनी पॉड्रेस आणि तो झेलायला उकिडवा बसलेला रॉय कॅम्पनेला. १९५५ च्या वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना, ब्रुकलिन डॉजर्सने यँकीजला २-० हरवलं तो. दोन पुतळ्यांमधलं अंतर खऱ्या मैदानावरच्याइतकंच ठेवलंय, ६० फूट ६ इंच. आपली खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत ६६ फूट. दोन्ही बाजूंची चार-चार फुटांची क्रीज वजा केली की गोलंदाजाच्या पुढच्या पायापासून फलंदाजाच्या क्रीजपर्यंत ५८ फूट उरतात. पिचरही टाकताना पुढे झेपावतो, म्हणजे त्याचा चेंडू सुटतो तो साडेपाच-सहा फूट अलीकडून. बाबांना त्या दोन पुतळ्यांमधून चालायला लावा. टप्पा न पडता थेट येणारा चेंडू एवढ्या अंतरात गोल बॅटने कसा मारत असतील, हे कुठल्याही फिल्मपेक्षा तिथे लवकर कळतं.

मग आत थेट पाट्यांच्या दालनात जा आणि तीन पाट्या शोधा.

पहिली हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचा वार्ताहर होता, नंतर बेसबॉलकडे वळला. धावफलकाचा जो आटोपशीर तक्ता वर्तमानपत्रात छापला जातो तो बेसबॉलमध्ये त्यानेच रुळवला. क्रिकेटची धावपुस्तिका ठाऊक असलेल्या माणसाला त्यात काहीच परकं वाटत नाही. हॉलमध्ये त्याची निवड १९३८ ची.

दुसरी आणि तिसरी हॅरी आणि जॉर्ज राइट या भावांची. वडील सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू, हॅरीही तिथे क्रिकेटच खेळत असे. याच हॅरीने १८६९ मध्ये सिनसिनाटीचा पहिला उघडपणे पगारी बेसबॉल संघ उभा केला आणि धाकटा जॉर्ज त्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). म्हणजे व्यावसायिक बेसबॉलचा पाया क्रिकेटवाल्यांनी घातला. बाबांना एवढं सांगितलंत की पुढची दालनं ते स्वतःहून बघतील.

दालनाच्या टोकाला गोलाकार भागात १९३६ ची पहिली पाच नावं: कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन, जॉन्सन. गर्दी तिथेच असते. मुलाला जॅकी रॉबिन्सनची पाटी दाखवा. १९६२ मध्ये लावली तेव्हा तीवर फक्त खेळाचे आकडे होते, कारण आपली पारख खेळावरून व्हावी अशी त्याची इच्छा होती. वर्णभेदाची भिंत त्याने तोडली हा उल्लेख असलेली नवी पाटी २००८ मध्ये लागली. संघमालक एफा मॅन्लीचीही शोधा, २००६ ची. हॉलमध्ये निवड झालेली ती एकमेव स्त्री. इचिरो सुझुकीची २०२५ ची, आशियातून आलेला पहिला खेळाडू.

वेळ: मुलाला निदान साडेतीन तास, बाबांना दीड. एकत्र ठेवलंत तर दोघांचाही विरस होईल. बाहेर जाऊन त्याच तिकिटावर परत येता येईल का ते तिकीट घेतानाच विचारून घ्या, म्हणजे मधे जेवता येतं.

पायवाट यांच्याशी एका बाबतीत मतभेद. शनिवार असेल तर संग्रहालय उघडताच आत जावं आणि गाव दुपारी बघावं. अकरानंतर पाट्यांसमोर फोटोंची रांग लागते.

---

पायवाट

@षटकार, जुलैत हे बरोबर आहे. ऑक्टोबरमध्ये प्रश्न गर्दीचा नसून उजेडाचा आणि पावसाचा असतो. सहा-साडेसहालाच सूर्य मावळतो, आणि या भागात दुपारनंतर ढग भरून येणं नेहमीचं. आदल्या रात्री अंदाज बघा. सकाळ कोरडी असेल तर तळं आणि नदी आधी, पाऊस असेल तर संग्रहालय आधी. नियम एवढाच पुरे.

---

अल्बनीकाठ

गाडी, रस्ता, मुक्काम याबद्दल.

न्यू जर्सीहून पोचायला साधारण चार तास धरा. बिंगहॅम्टनकडून येत असाल तर आय-८८ महामार्गाच्या १७ नंबरच्या एक्झिटला उतरून रूट २८ ने उत्तरेकडे अर्धा तास. अल्बनीकडून असाल तर परतताना का होईना, रूट २० आणि मग स्प्रिंगफील्ड सेंटरहून रूट ८० असा रस्ता घ्या. तो तळ्याच्या पश्चिम काठाने अख्खं तळं दाखवत गावात उतरतो. थोडा लांब पडतो, पण पानांच्या दिवसांत वसूल होतो. नकाशाचं ॲप कधीकधी दोन मिनिटं वाचवायला डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर घालतं, आणि तिथे फोनला रेंज जाते. निघण्याआधी नकाशा फोनवर उतरवून ठेवा आणि नंबरचा रस्ता सोडू नका. शेवटच्या टप्प्यात पेट्रोल पंप विरळ आहेत, मोठ्या रस्त्यावरच टाकी भरा.

पार्किंग: मेन स्ट्रीटवर तासांची मर्यादा आहे आणि हंगामात पैसे लागतात. संग्रहालयातच साडेतीन तास जाणार असतील तर तिथे गाडी लावू नका, दंडाची चिठ्ठी हमखास मिळते. लोक फसतात ते ‘अर्ध्या तासात येतो’ म्हणून. डबलडे फील्डच्या बाहेरचं मोठं वाहनतळ मधोमध आहे, पण तेही लवकर भरतं. उन्हाळ्यात गावाच्या वेशीवरच्या मोफत वाहनतळांवर गाडी ठेवून ट्रॉली (गावातली बस) घेणं सर्वात सोयीचं. ती मुख्यतः मेअखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे मेमोरियल डे ते लेबर डे. तुमच्या तारखांना ती धावते का ते गावाच्या संकेतस्थळावर बघा, धरून चालू नका.

तुम्ही ऑक्टोबर निवडलात हे फार चांगलं केलंत. जून ते ऑगस्ट दक्षिणेला रूट २८ वर बारा वर्षांच्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धा आठवड्या-आठवड्याने चालतात. देशभरातून संघ येतात, सोबत आई-वडील, आणि पंधरा-वीस मैलांतल्या खोल्या आठवड्याच्या बोलीवरच मिळतात. एका रात्रीसाठी खोली मागितली की नाही म्हणतात किंवा दर दुप्पट. जुलैअखेरीचा इंडक्शनचा (नव्या निवडलेल्यांना हॉलमध्ये घेण्याच्या सोहळ्याचा) शनिवार-रविवार तर बेसबॉलवेड्यांनीच करावा. २००७ मध्ये रिपकेन आणि ग्विन या खेळाडूंच्या वेळी ८०,००० च्या आसपास माणूस या १,८०० वस्तीच्या गावात आला होता. तो सोहळा संग्रहालयात नसतो, गावाच्या दक्षिणेला क्लार्क स्पोर्ट्स सेंटरच्या मैदानावर असतो. हे माहीत नसल्याने लोक मेन स्ट्रीटवर ताटकळतात.

ऑक्टोबरची एकच अडचण: पानांचे शनिवार-रविवार. खोली आत्ताच घ्या. गावात नाही मिळाली तर वनिऑन्टाला, अर्ध्या तासावर. शक्य असेल तर सोमवार-मंगळवार गाठा, पण छोटी संग्रहालयं आठवड्यातून एखादा दिवस बंद असतात, तेवढं तपासा.

---

जुनी_वही

चौथा प्रश्न. नाही, बेसबॉल इथे जन्मला नाही. पण तो इथे जन्मला अशी समजूत झाली म्हणून आज हे गाव असं दिसतं, आणि मुलाला ही गोष्ट पायी फिरतच सांगता येते.

वाद सुरू केला वर षटकार यांनी सांगितलेल्या चॅडविकनेच. बेसबॉल हा इंग्रज मुलांच्या राउंडर्स खेळातून आला असं त्याचं म्हणणं. खेळाच्या साहित्याचा व्यापारी अल्बर्ट स्पॉल्डिंगला ते झोंबलं, त्याला खेळ अस्सल अमेरिकी हवा होता. १९०५ मध्ये खेळाचा उगम शोधायला मिल्स समिती नेमली गेली. ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या म्हाताऱ्या खाण अभियंत्याने पत्र लिहिलं की १८३९ च्या सुमारास कूपर्सटाउनमध्ये ॲबनर डबलडेने हा खेळ शोधताना आपण पाहिलं. समितीने ते जवळजवळ जसंच्या तसं मान्य केलं. अडचण अशी की १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या सैनिकी शाळेत होता, पुढे तो अमेरिकी यादवी युद्धातला नामवंत सेनापती झाला आणि १८९३ मध्ये वारेपर्यंत त्याने बेसबॉलवर कधी हक्क सांगितला नाही. हॉल ऑफ फेममध्येही त्याची निवड झालेली नाही. मुलाला त्याची पाटी शोधायला सांगा, सापडणार नाही.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लेखी नियम केले आणि १८५७ च्या अधिवेशनात नऊ डाव, नऊ खेळाडू, दोन बेसमध्ये ९० फूट हे ठरलं. खेळ असा थोडाथोडा घडला. अलेक्झांडर कार्टराइटच्या पाटीवर या नऊ-नऊचं श्रेय एकट्या त्याला दिलंय, तेही तपासून वाचावं.

मग संग्रहालय इथे का? या परगण्यात एकोणिसाव्या शतकात बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सची शेती जोरात होती. रोग आणि नंतर दारूबंदी यांनी ती संपली, मागोमाग मंदी आली. गावात क्लार्क कुटुंब होतं, सिंगर शिवणयंत्राच्या पैशाचं. एडवर्ड क्लार्क हा आयझॅक सिंगरचा वकील आणि भागीदार. त्याचा नातू स्टीफन क्लार्क. १९३४ मध्ये तीनेक मैलांवरच्या फ्लाय क्रीकमध्ये ग्रेव्ह्जच्या सामानात एक जुना, चिंध्या भरलेला चेंडू सापडला. क्लार्कने तो ५ डॉलरला घेतला, ‘डबलडे बॉल’ म्हणून मांडला, आणि त्याभोवती संग्रहालय उभं राहिलं. उद्घाटन १२ जून १९३९, त्याच दिवशी ‘बेसबॉलची शताब्दी’ म्हणून ३ सेंटचं टपाल तिकीट इथूनच निघालं. ते पोस्ट ऑफिस मेन स्ट्रीटवर संग्रहालयाच्या समोरच आहे. हा चेंडू दालनात बघा. तो नेमका कुणाचा हे कुणी सांगू शकत नाही, पण गावाला मंदीतून वर काढण्यात त्याचा वाटा आहे.

तिथून डबलडे फील्डला जा. मेन स्ट्रीटवरून आत वळलं की प्रवेशाशी अनवाणी, गवती टोपी घातलेल्या मुलाचा पुतळा दिसतो. इथे फिनी नावाच्या माणसाचं गायरान होतं, डबलडेच्या गोष्टीतलं ठिकाण म्हणून गावाने हेच मानलं. १९२० पासून इथे बेसबॉल खेळतात. विटांचं जुनं प्रवेशद्वार, आत हजारोंची बैठक आणि भोवती लोकांच्या घरांची परसदारं. डावीकडचं कुंपण फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून (होम प्लेट) फक्त २९६ फूट, म्हणजे ९० मीटर. लीगच्या मोठ्या मैदानांपेक्षा बरंच जवळ, म्हणून इथल्या प्रदर्शनी सामन्यांत धावांचा पाऊस पडे. सामना किंवा दुरुस्ती नसेल तर आत जाऊन बसता येतं. खाली उतरून मैदानावर पाऊल टाकावंसं वाटेल, ते टाळा. माती आणि गवत सामन्यासाठी राखलेलं असतं.

---

सांगलीकर_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रश्न उरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईसाठी काय करावं? आणि शाकाहारी जेवण?

---

पायवाट

दुसरी सकाळ फार्मर्स म्युझियमला द्या. गावाच्या उत्तरेला रूट ८० वर, मेन स्ट्रीटपासून दीड किलोमीटर. गाडीनेच जा, वाहनतळ दारात आहे. जुन्या इमारती ठिकठिकाणाहून उचलून इथे एकोणिसाव्या शतकातलं खेडं मांडलंय: लोहारशाळा, छापखाना, औषधाचं दुकान. कारागीर समोर काम करून दाखवतात, म्हणून आईंना भाषा आडवी येणार नाही. तिथेच कार्डिफ जायंट पडलाय, जमिनीत पुरून ठेवून १८६९ मध्ये ‘सापडला’ असं भासवलेला दहा फुटी जिप्समचा माणूस. डबलडेची गोष्ट ऐकल्यावर मुलाला तो नक्की बघायचा असेल. रस्त्यापलीकडे फेनिमोर कला संग्रहालय, त्यातला मूळ अमेरिकी लोकांच्या कलेचा थॉ संग्रह अप्रतिम आहे. इमारतीमागे तळ्यापर्यंत उतरती हिरवळ. दोन्ही हिवाळ्यात बंद, आणि ऑक्टोबरमध्ये वेळा कमी होतात.

तासाभराची बोटही आहे, साधारण मध्य ऑक्टोबरपर्यंत. पूर्व काठावर पाण्यातच उभा असलेला किंगफिशर टॉवर बोटीतूनच नीट दिसतो. साठ फुटी दगडी मनोरा, १८७६ चा, एडवर्ड क्लार्कने बांधवलेला. वास्तुविशारद हेन्री हार्डनबर्ग, न्यूयॉर्क शहरातली डकोटा इमारत ज्याची. पाण्यावर वारा बोचरा असतो, आई-बाबांना कानटोपी हवी.

---

अल्बनीकाठ

जेवण: मेन स्ट्रीटवर पिझ्झा, सँडविच, सूप, पॅनकेक एवढं सहज मिळतं. सूपमध्ये चिकनचं पाणी असतं, विचारून घ्या. भारतीय जेवणाची आशा ठेवू नका. लेबर डेनंतर काही ठिकाणं आठवड्याच्या मधे संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आत उरका. दुपारसाठी घरून दशम्या-चटणी न्या, लेकफ्रंट पार्कच्या बाकांवर बसून खाता येईल. खोली घेताना मायक्रोवेव्ह आणि फ्रिज आहे का तेवढं बघा.

परतण्याआधी फ्लाय क्रीकची सायडर मिल (सफरचंदाचा रस काढण्याची गिरणी) बघून घ्या, १८५६ पासूनची. ऑक्टोबर हा सफरचंदं पिळण्याचाच हंगाम. गोड सायडरमध्ये दारू नसते, ‘हार्ड’ लिहिलेल्या बाटलीत असते. आई-बाबांसाठी घेताना लेबल वाचून घ्या.